पाखाडीचे पान कोणाच्या हाती

सोमवार, दिनांक २१ डिसेंबर २००९ रोजी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी माझ्याच वेबसाइटवर माझे निधन झाले. त्या वेळी मी मागच्या पडवीत कुळीथ निवडत होते आणि माझी प्रकृती उत्तम होती.

हा धक्का अजून ओसरलेला नाही. पण हात थरथरत नाही आणि बुद्धी ठिकाणावर आहे, हे आधीच नोंदवते, कारण पुढे कोणीतरी वकील उभा राहून म्हणणारच की बाई भानावर नव्हत्या. मी, पद्मजा विनायक मुळ्ये, वय एकोणसत्तर, अविवाहित, जिल्हा न्यायालयातून निवृत्त झालेली लघुलेखिका, राहणार वरची वाडी, पावसजवळ, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने टाइप करत आहे. कोणी मला भरीला घातलेले नाही. कोणाच्या धाकाने मी हे लिहीत नाही, आणि कोणाच्या लाडीगोडीने तर मुळीच नाही.

नोकरीची सगळी वर्षे मी न्यायाधीशांच्या तोंडून इतरांच्या मृत्युपत्रांचे निकाल उतरवून घेतले. सख्खे भाऊ एकमेकांच्या आईची सही कशी खोटी ठरवतात ते मला पाठ आहे. तेव्हा खाली जी वाक्ये सैल वाटतील ती मी मुद्दाम सैल सोडली आहेत असे समजावे.

कलम १. सन २००१ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझे सर्व काही माझा भाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, उन्मेष मुळ्ये, राहणार पुणे, यास दिले होते. ते मृत्युपत्र मी आज रद्द करत आहे. का, ते कलम २ मध्ये वाचावे. ते कलम लांब आहे. बसून वाचावे.

कलम २. माझी एक वेबसाइट आहे, तिचे नाव 'पाखाडी'. परगावच्या वाचकांसाठी सांगते: आमच्याकडे उतारावरून जाणाऱ्या, जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेल्या पायऱ्यांच्या वाटेला पाखाडी म्हणतात. आमच्या आंब्याच्या बागेतून अशी एक वाट वरच्या डांबरी रस्त्यापासून खाली खाडीपर्यंत जाते. खाली सोलकर, होडेकर, मयेकर अशा मंडळींची वाडी आहे. बाग वडिलांची. वाटणीत वरचा भाग आणि घर मला आले, खाडीला लागून असलेला खालचा भाग भावाला गेला आणि त्याच्या मागे उन्मेषला. पाखाडी दोन्ही भागांतून जाते. ती कोणी कधी अडवली नाही. मासळीच्या पाट्या तिच्यावरून वर आल्या, शाळेत जाणारी मुले तिच्यावरून वर आली, आणि आखातात निघालेला जवळजवळ प्रत्येक मनुष्य डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन पहिली एसटी पकडायला तिच्यावरूनच वर आला.

निवृत्तीनंतर मी रत्नागिरीला एसटी स्टँडच्या मागे नबील वस्ता यांच्या संगणकवर्गात जाऊ लागले. दारावर 'नवशिक्यांसाठी' अशी पाटी होती. मला तो शब्द आवडला नाही, पण नाकारताही येईना. तिथे मी वेबसाइट करायला शिकले आणि पाखाडीवर एक पान लिहिले. पानाखाली लोक अभिप्राय लिहू लागले. कुवेतहून, मस्कतहून, दोह्याहून. मी या वाटेने अमुक साली गेलो, माझी आजी तमुक साली आली, असे. ते वाचून मला कळले की मी त्या वाटेवर राहते, पण ती वाट मला ठाऊक नव्हती.

गेल्या वर्षी मला पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात राहावे लागले. तेव्हा साइट कोणीतरी बघावी म्हणून मी उन्मेषला प्रशासकाचे अधिकार दिले. नबील म्हणाले होते, "मॅडम, संपादक करा, प्रशासक नको. संपादकाला घरात वावरता येतं, प्रशासकाला कुलूप बदलता येतं." मी म्हटले, घरचाच मुलगा आहे.

घरच्या मुलाने मी भूल उतरून शुद्धीवर यायच्या आत माझ्यावर श्रद्धांजलीचे पान लिहून मसुदा म्हणून ठेवले. मी बरी होऊन घरी आले. मसुदा तिथेच राहिला. आणि या सोमवारी तो प्रकाशित झाला.

त्याचा मथळा 'पद्मजा आत्या, आमची लाडकी'. नावामागे कै. फोटो उन्मेषच्या लग्नातला, ज्यात मी आचाऱ्याशी भांडते आहे. मजकुरात मला प्रेमळ, सोशिक आणि मितभाषी म्हटले आहे. शाळेत सिस्टर बर्नडेट यांनी माझ्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी 'हिने उत्तर देण्यापूर्वी प्रश्न संपू द्यावा' असा शेरा मारला होता. ती माऊली आज असती तर हा मजकूर वाचून तिला हसू आवरले नसते. पुढे लिहिले आहे की आत्या आयुष्यभर कुटुंबासाठी झिजली. मी झिजले नाही. मी नोकरी केली, पगार घेतला, सुट्टीच्या दिवशी नाटके पाहिली. माझ्या नोकरीबद्दल एक अक्षर नाही. पाखाडीच्या पानाबद्दल एक अक्षर नाही. माझी आंबोळी मात्र दोनदा आली आहे.

मला हे कळले ते फोनवरून. केळशीचा माझा मामेभाऊ हरिहर बर्वे याने सांत्वन करायला फोन केला आणि तो मीच उचलला.

"हॅलो, मी केळशीहून हरिहर. फार वाईट झालं हो. कोण बोलतंय?"

"पद्मजा."

"कोण पद्मजा?"

मला वाटले याचे वय झाले. "अरे, मुळ्यांची पद्मजा. तुझी आतेबहीण."

"अगो, पण तू गेलीस ना? पोराने कॉम्प्युटरवर वाचून दाखवलं मला. मी डोक्यावरून आंघोळ केली, गार पाण्याने!"

"केलीस ते बरंच झालं. तुला सवय लागेल."

"थट्टा नको करू. दीड दिवसाचं सुतक धरून बसलोय मी. उद्या माझ्याकडे सत्यनारायण आहे, भटजींना नको म्हणून कळवलं. आता काय सांगू त्यांना?"

"सांग, मयत फोनवर आली होती. या म्हणावं."

"अगो, पण एक बरं झालं. खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं."

"ते उन्मेषला कळव. त्याची फार गैरसोय होईल."

हे मी गमतीने म्हटले होते. ती गंमत नव्हती हे तासाभराने कळले.

मी संगणक लावून ते पान वाचत होते, इतक्यात मरियम सोलकर पाखाडी चढून वर आली. मरियम खालच्या वाडीतली. तिचा नवरा हमीद कुवेतला असायचा, गेल्या वर्षी तिकडेच गेला, तिकडेच त्याची माती झाली. तिची मुलगी निदा खेडला महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. निदाने साइटवर वाचले आणि आईला फोन केला. मरियमच्या हातात कापडात बांधलेला डबा होता. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्याने जेवण न्यायचे ही आमच्या वरच्या आणि खालच्या वाडीची जुनी रीत आहे. मला दारात बघून ती पायरीवर मटकन बसली.

"या अल्ला, तुमी तर हाव!"

"आहे. आत ये."

"मग जेवण कोनाला आनलं मी?"

"मलाच. बघू काय आणलंस."

वरण-भात आणि भोपळ्याची भाजी होती. आमच्यात आज मासळी चालायची नाही म्हणून तिने नवे पातेले काढून त्यात शिजवले होते. मी माझ्याच सुतकाचे जेवण जेवले, मरियमलाही वाढले. वरणात मीठ थोडे कमी होते, पण रडत केलेल्या स्वयंपाकात ते चालायचेच. जेवताना ती दोनदा हसली आणि एकदा माझा दंड चाचपून बघितला.

जाताना ती नेहमीप्रमाणे म्हणाली, "आलेच हाय तर त्यांचा दाखवा जरा."

'त्यांचा' म्हणजे हमीदचा अभिप्राय. पाखाडीच्या पानाखाली हमीदने दोन वर्षांपूर्वी लिहिले होते, की १९७४ साली पहिल्यांदा निघताना आई विहिरीजवळच्या वळणापर्यंत आली आणि म्हणाली, मी इथून पुढे येत नाही, तू पण इथून मागे बघू नको; मी बघितले. एवढेच. तो मनुष्य दर महिन्याला पैसे पाठवायचा, फोन करायचा, पण लिहायचा नाही. त्याने लिहिलेले मरियमकडे दुसरे काही नाही. ती मराठी सावकाश वाचते, दर वेळी पूर्ण वाचते, आणि मग चहा न घेता जाते.

मी पानाचा पत्ता टाइप केला. पडद्यावर आले की असे पान सापडले नाही. मी पुन्हा टाइप केला. पुन्हा तेच. मरियमने माझ्या खांद्यावरून वाकून बघितले आणि इतक्या हळू विचारले की मला ऐकू आले नसते तर बरे झाले असते.

"हितनं पन गेले काय?"

मी आजवर बऱ्याच बायकांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात रडताना पाहिले आहे आणि माझी पेन्सिल कधी थांबली नाही. त्या दिवशी मला तिच्याकडे बघता आले नाही. मी म्हटले, लाइन गेली असेल. साइट बघायची तर लाइन असावी लागते हे तिलाही माहीत आहे, आणि माझ्या मृत्यूचे पान त्याच लाइनवर पडद्यावर झळकत होते हेही तिने पाहिले होते. ती डबा तिथेच विसरून गेली.

मग मी साइटच्या आत जायचा प्रयत्न केला. पासवर्ड चालेना. मग मी उन्मेषला फोन केला. बोलणे जसे झाले तसे देते. ऐकत ऐकत उतरवून घेण्याचा मला पगार मिळत असे.

"आत्या! अगं सॉरी सॉरी सॉरी. मला आत्ताच कळलं. तो मसुदा होता गं, चुकून प्रकाशित झाला. आत्ता काढतो."

"मी मेल्याचं लिहून ठेवलं होतंस?"

"तू आयसीयूमध्ये होतीस! मी घाबरलो होतो. रात्रभर झोप नव्हती, काहीतरी लिहावंसं वाटलं. मनापासून लिहिलंय गं."

"ते दिसतंय. आंबोळी दोनदा आली. पाखाडीचं पान कुठे आहे?"

इथे तो थांबला. खोटे बोलणारा साक्षीदार जसा वकिलाकडे बघतो तसा थांबला.

"साइटच्या कचऱ्याच्या टोपलीत आहे. कुठे गेलं नाही. व्यवहार झाला की परत लावतो."

"कसला व्यवहार?"

तेव्हा ते बाहेर आले. खालची बाग तो विकतो आहे. खाडीकाठी हॉटेल बांधणारी मंडळी आहेत. त्यांच्या वकिलाने नकाशा बघितला, मग माझी साइट बघितली, आणि विचारले की ही वाट जर लोक इतकी वर्षे बिनतक्रार वापरतात, आणि तसे इतक्या लोकांनी स्वतःच्या नावानिशी लिहून ठेवले आहे, तर उद्या हे लोक वहिवाटीचा हक्क सांगतील. मग आम्ही कुंपण घालायचे कुठून? म्हणून उन्मेषने ते पान काढले. काढताना त्याला यादीत शेजारच्याच ओळीवर आपला जुना मसुदा दिसला. पानांची यादी अक्षरानुक्रमाने लावली की पद्मजा आणि पाखाडी शेजारी शेजारी येतात. हेही आवरून टाकावे असे त्याच्या मनात आले आणि घाईत भलतीच कळ दाबली गेली. जे टोपलीत जायचे ते जगापुढे गेले आणि जे जगापुढे राहायचे ते टोपलीत गेले. मी मेल्याची बातमी नसती आली तर मला हे कित्येक महिने कळलेही नसते. म्हणजे माझ्या निधनाचा मला फायदाच झाला.

"आणि पासवर्ड?"

"आत्या, इतकं काय मनाला लावून घेतेस! थोडेच दिवस. मार्चमध्ये खरेदीखत होईल. मग पान परत, पासवर्ड परत, सगळं परत."

मी फोन ठेवला आणि नबील यांना केला. ते म्हणाले, "मॅडम, मार्च? टोपली तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते. कोणाला विचारत नाही." साइट माझ्या नावावर आहे, कागदपत्रे पाठवून कुलूप माझ्या हाती परत येईल, पण त्या पत्रव्यवहाराला टोपलीपेक्षा जास्त वेळ लागेल. शोधयंत्राने साठवलेली पानाची जुनी प्रत मिळाली. तिच्यात माझा मजकूर आहे, खालचे अभिप्राय नाहीत.

माझा मजकूर मी पुन्हा लिहीन. त्यात काय आहे? पण हमीदचे मला लिहिता येणार नाही. तो आता पुन्हा लिहिणार नाही.

हे उन्मेषला सांगायला मी पुन्हा फोन लावला, तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम ३. 'पाखाडी' ही वेबसाइट, तिचे नाव, तिच्यावरील सर्व पाने, आणि तिची वार्षिक फी भरण्यासाठी माझ्या पोस्टातील बचत खात्यातील सर्व शिल्लक, मी कुमारी निदा हमीद सोलकर हिला देते. कुलूप आज दुसऱ्याच्या हाती असले तरी घर माझेच आहे, आणि घर द्यायला किल्ली हातात असावी लागत नाही, हे मी कोर्टात अनेकदा टाइप केले आहे.

निदा ग्रंथपाल आहे, तिला पुस्तकांची पाने कळतात. साइटची पाने वेगळी. म्हणून चार शब्द, तुझ्यासाठी आणि तुझ्यानंतर जो कोणी नवशिका येईल त्याच्यासाठी.

रोजचे लिहायचे ते नोंद म्हणून लिही. नवी नोंद आली की जुनी खाली सरकते, तिने सरकावेच. पान सरकत नाही. म्हणून जे दहा वर्षांनीही तिथेच सापडले पाहिजे, त्याचेच पान कर. उठल्यासुटल्या पाने करू नकोस. मी सुरुवातीला मोदकाचेसुद्धा वेगळे पान केले होते आणि पहिल्या पानावरची यादी वाण्याच्या यादीसारखी झाली. एका विषयाची पाने एका मुख्य पानाच्या पोटात ठेव.

मथळा हवा तर बदल, मजकूर सुधार, माझ्या चुका काढ. पण पानाचा पत्ता कधीही बदलू नकोस. लोकांनी तो परदेशात जपून ठेवला आहे. एखादे पान समोर नको असेल तर यादीतून त्याचे नाव उतरव. पान आपल्या जागी राहते, ज्याला पत्ता ठाऊक आहे तो येतो. वाट बंद करणे आणि वाटेवरची पाटी उतरवणे यात फरक आहे. टोपली ही माळ्यासारखी नाही. माळ्यावर टाकलेले वीस वर्षांनी सापडते, टोपलीतले महिन्याने जाते. महिन्यातून एकदा सगळ्या साइटची प्रत काढून घरात ठेव. मी फक्त पानांची काढत असे, अभिप्राय रोज वाढत म्हणून ते राहिले. प्रशासक एकच असावा. बाकी कितीही लाडका असो, त्याला संपादक कर.

आणि जिवंत माणसाच्या मरणाचे मसुदे करू नयेत. अगदीच राहवत नसेल तर त्या माणसाकडे जाऊन बसावे.

'आंबा रत्नागिरीचा की देवगडचा' या पानाखाली तीन वर्षे भांडण चालू आहे. ते बंद करू नकोस. त्या भांडणामुळे दोन्हीकडची म्हातारी माणसे रोज सकाळी उठून बसतात. 'सातबाऱ्यावर विधवेचे नाव कसे लावावे' हे पान दर वर्षी एखाद्या वकिलाकडून तपासून घे. नियम बदलतात, दीर बदलत नाहीत.

कलम ४. माझा मराठी टाइपरायटर कोर्टाच्या फाटकाबाहेर बसून अर्ज टाइप करणारे भिकाजी नाटेकर यांना. त्यांच्या यंत्राचा 'र' कधीचा तुटला आहे आणि ते प्रत्येक अर्जात तो पेनने घालतात. त्यांच्याबद्दल नाही, तर अर्जदारांबद्दल दया म्हणून.

मोत्यांच्या कुड्या उन्मेषची बायको नीरजा हिला, बिनशर्त. मी फोन ठेवता ठेवता तिने त्याच्या हातातून तो ओढून घेतला आणि म्हणाली, "आत्या, मला यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि आज रात्री याला जेवण नाही." खोटे बोलताना ती नाक खाजवते. फोनवर ते दिसत नाही, तरी मी विश्वास ठेवला आहे.

आंबे उतरवायचे दोन झेले, शिडी आणि मचाणाचे बांबू हरिहरला. त्याचे झाडावर चढायचे वय नाही हे मला माहीत आहे. त्याने ते दुसऱ्या कोणाला द्यावेत, आणि पुढच्या वेळी आंघोळीपूर्वी चौकशी करावी.

कलम ५. मी खरोखर गेल्यावर साइटवर एकच नोंद लिहावी. पान करू नये. मजकूर: 'पद्मजा मुळ्ये, लघुलेखिका, जिल्हा न्यायालय, रत्नागिरी, अमुक दिवशी वारल्या. या वेळी बातमी खरी आहे.' प्रेमळ हा शब्द कोणी घातल्यास निदाने तो काढावा. फोटो नोकरीच्या ओळखपत्रावरचा. त्यात मी कोणाशी भांडत नाही, पण भांडेन असे दिसते.

कलम ६. आता घर आणि वरची बाग. यातून जाणारा पाखाडीचा भाग सर्वांना कायम खुला राहील, असा दस्त मी येत्या सोमवारी नोंदवणार आहे, म्हणजे पुढे कोणीही मालक झाला तरी त्याला तो अडवता येणार नाही. पण वरून वाट मोकळी आणि खाली कुंपण, अशी वाट फक्त सूर्यास्त बघायला उपयोगी. खालच्या भागात माझा हक्क नाही. तिथे वाडीच्या बाजूने बोलणारे एकच आहे, आणि ते सध्या टोपलीत आहे.

म्हणून घर आणि वरची बाग मी पुढील अटीवर देते. माझा भाचा उन्मेष याने सोबतच्या पत्रात दिलेल्या मुदतीत पाखाडीचे पान त्याखालील सर्व अभिप्रायांसह पूर्वीच्याच पत्त्यावर परत लावले, साइटचा पासवर्ड माझ्या स्वाधीन केला, आणि तसे मला लेखी कळवले, तर घर आणि बाग त्याची. त्याची आई तो दोन वर्षांचा असताना गेली, आणि त्याची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी या घरात गेली. हे घर त्याच्या वाटेवर डोळे लावून असते हे खोटे नाही. मला हे लिहिणे जड जाते आहे. तरीही लिहिते.

त्याने तसे केले नाही, तर घर आणि वरची बाग निदा हमीद सोलकर हिची. लोक काय म्हणतील याचा मी विचार केला आणि सोडून दिला. लोकांनी मला एकदा पोचवले आहे.

तिसरा मार्ग नाही. 'सॉरी आत्या' हा तिसरा मार्ग नाही. तोंडी माफी कोर्टाच्या नोंदीत येत नाही.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. रावजी मयेकर, निवृत्त पोस्टमास्तर, यांनी करावी. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये असा नियम आहे, म्हणून डॉ. गंगा पाथरे यांना जी निळ्या काठाची चिनी मातीची बशी द्यायची मनात होती ती आज सकाळीच देऊन टाकली. त्या सहा मागत होत्या.

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे. तो मला समजला आहे, आणि ज्याला समजायला हवा त्यालाही समजेल.

स्थळ: वरची वाडी, पावसजवळ, जिल्हा रत्नागिरी
दिनांक: २४ डिसेंबर २००९

(सही) पद्मजा विनायक मुळ्ये

साक्षीदार:

१. (सही) डॉ. गंगा पाथरे. मी बाईंना आज तपासले. रक्तदाब वाढलेला आहे, कारण समजते. बुद्धी तल्लख आहे. बाई जिवंत आहेत, असे त्यांच्या आग्रहावरून लिहून देत आहे.

२. (सही) रावजी मयेकर. बाईंनी माझ्यासमोर सही केली आणि माझ्या सहीवर टीका केली.

एक प्रत रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह: श्री. उन्मेष मुळ्ये, पुणे.

उन्मेष,

मृत्युपत्र करणाऱ्याने ते जिवंतपणी वारसाला दाखवू नये, असा सल्ला मी जन्मभर ऐकला. पण तू मला जिवंतपणी श्रद्धांजली दाखवलीस, तेव्हा फिटंफाट झाली.

टोपली मार्चपर्यंत थांबत नाही. ती २० जानेवारीला रिकामी होईल. तुला हे माहीत नव्हते असे मी धरून चालते. आता माहीत झाले.

पान परत लावशील तेव्हा त्याखाली तुझाही एक अभिप्राय लिही, आणि त्याची प्रत सही करून मला पाठव. बाकीच्यांनी लिहिले तसेच लिहायचे: या वाटेने तू पहिल्यांदा कधी गेलास. तुला आठवत नसेल तर मी सांगते. १९७३ चा मे महिना. तू तीन वर्षांचा होतास, आईसाठी रडत होतास आणि कोणाकडे जात नव्हतास. खालचा हमीद, तेव्हा लग्न न झालेला पोरगा, मासळी देऊन परत चालला होता. त्याने पाटी बागेत ठेवली, तुला खांद्यावर घेतले आणि होडी दाखवायला पाखाडीने खाली घेऊन गेला. कोणी त्याला अडवले नाही. ती बाग तेव्हा तुझ्या बापाची होती, आज तुझी आहे. वाट वहिवाटीची आहे असे खुद्द मालकाने लिहून दिल्यावर तुझ्या खरेदीदाराचा वकील काय म्हणेल, ते त्याचे त्याने बघावे.

मरियमला मी अजून हेच सांगते आहे की लाइन गेली आहे.

तुझे लेखी उत्तर, तुझ्या हस्ताक्षरात, शुक्रवार, दिनांक १५ जानेवारी २०१० रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या हाती पडावे.